‘मदत’ या शब्दाआडचे विज्ञान



विज्ञानाचा इतिहास शाळा-महाविद्यालयांतून शिकवला जातो, तो बहुतांशी नावांचा इतिहास असतो. ऑक्सिजन म्हटले की शील, प्रीस्टली आणि लाव्हाझिए ही तीन नावे येतात. विद्युत-रसायन म्हटले की डेव्ही आणि फॅरेडे येतात. ही माणसे थोर होती यात वाद नाही. परंतु विज्ञान हेही अखेर मानवी श्रमांचे फळ आहे आणि त्या श्रमांची साखळी फार लांब असते. कोणी उपकरणाचे नेमके चित्र काढते, कोणी परभाषेतील निबंध आपल्या भाषेत आणते, कोणी प्रयोग चालू असताना आकडे टिपून ठेवते, तर कोणी किचकट सिद्धान्त सामान्य वाचकाला उमजेल अशा शब्दांत मांडते. या साऱ्या श्रमांना इतिहासाने एक सोयीचे नाव ठेवले आहे : मदत. आधुनिक रसायनशास्त्राच्या उदयकाळात ज्या स्त्रियांनी हे काम केले, त्यांची नावे या एका शब्दाआड दडून गेली. ती शोधून काढणे हा केवळ कृतज्ञतेचा प्रश्न नाही. श्रम कोणाचे आणि श्रेय कोणाचे, हा समाजवादाचा मूळ प्रश्नच येथे वेगळ्या वेषात उभा आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्राचा कायापालट झाला. तोपर्यंत विद्वानांची अशी समजूत होती की, जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे एक तत्त्व असते आणि पदार्थ जळू लागला की ते बाहेर पडते. पण धातू तापवून त्याचे भस्म केले, तर भस्माचे वजन मूळ धातूपेक्षा जास्त भरते. काही बाहेर पडले असेल, तर वजन वाढावे कसे? लाव्हाझिए यांनी तराजूच्या आधारे दाखवून दिले की, ज्वलनाच्या वेळी हवेतील एक घटक पदार्थाशी संयोग पावतो. त्या घटकाला त्यांनीच ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. या बदलाला इतिहासात ‘रासायनिक क्रांती’ म्हणतात. कोणतीही क्रांती एकट्याने होत नाही, तशी हीही झाली नाही.

पॅरिसमध्ये लाव्हाझिए यांची प्रयोगशाळा शस्त्रागाराच्या इमारतीत होती. १७९०च्या आसपास तेथे चाललेल्या श्वसनाच्या प्रयोगांची दोन चित्रे आजही उपलब्ध आहेत. लाव्हाझिएंचे तरुण सहकारी सेगँ मुखवटा लावून नळीवाटे श्वास घेत आहेत. एका चित्रात ते स्वस्थ बसलेले आहेत, दुसऱ्यात पायाने श्रम करीत आहेत. लाव्हाझिए सूचना देत आहेत. आणि एका बाजूला टेबलाशी बसून एक स्त्री नोंदी लिहीत आहे. ही स्त्री म्हणजे मादाम लाव्हाझिए, आणि चित्रेही त्यांनीच काढलेली आहेत. त्यांनी चित्रात स्वतःला जागा दिली नसती, तर त्या खोलीत त्या होत्या हे पुढच्या पिढ्यांनी कदाचित मान्यही केले नसते.

या प्रयोगांतून एक गोष्ट सिद्ध झाली : श्रम करणारे शरीर विश्रांती घेणाऱ्या शरीरापेक्षा अधिक ऑक्सिजन वापरते. त्यावरून लाव्हाझिए व सेगँ यांनी आपल्या निबंधात एक सामाजिक विसंगतीही नोंदवली. अंगमेहनत करणाऱ्या गरिबाच्या शरीराची झीज अधिक होते, म्हणून त्याला अन्नाची गरज अधिक असते. प्रत्यक्षात भरपूर अन्न मिळते ते ज्याला त्याची तेवढी गरज नाही अशा श्रीमंताला. श्रमिकाच्या भुकेचा हा हिशेब १७८९मध्ये मांडला गेला. ज्या प्रयोगमालेतून तो निघाला, तिच्या नोंदी ठेवणारा हात चित्रात आहे. निबंधावर मात्र दोन पुरुषांचीच नावे आहेत.

मारी-आन पोल्झ यांचा जन्म १७५८ साली माँब्रिझाँ या गावी झाला. आई लहानपणीच वारली. शिक्षण जोगिणींच्या मठात झाले. पन्नाशीच्या घरातील एका उमरावाने त्यांना मागणी घातली. ती टाळण्यासाठी वडिलांनी १७७१मध्ये त्यांचे लग्न अठ्ठावीस वर्षांच्या लाव्हाझिएंशी लावून दिले. त्या वेळी मारी-आन तेरा वर्षांच्या होत्या. ज्या समाजात स्त्रीशिक्षणाची चळवळ बालविवाहाच्या प्रथेशी झगडत पुढे आली, त्या समाजाला या वयाचा अर्थ वेगळा समजावून देण्याची गरज नाही. तेरा वर्षांच्या या मुलीने सासरचे घर हीच आपली शाळा केली. रसायनशास्त्राचे धडे तिने ब्युके या रसायनज्ञाकडे घेतले, चित्रकला ती दाव्हिद या विख्यात चित्रकाराकडे शिकली, आणि पतीला येत नसलेली इंग्रजी भाषा तिने आत्मसात केली.

इंग्रजीचे महत्त्व मोठे होते. वायूंवरील बरेचसे नवे संशोधन त्या काळी इंग्लंडमध्ये चालले होते आणि ते इंग्रजीत प्रसिद्ध होत होते. प्रीस्टली, कॅव्हेंडिश यांचे निबंध मादाम लाव्हाझिए पतीसाठी अनुवादित करून देत. १७८७मध्ये आयर्लंडचे रसायनज्ञ रिचर्ड किर्वन यांनी फ्लॉजिस्टनच्या समर्थनार्थ एक ग्रंथ लिहिला. प्रतिपक्षाचा हा सर्वांत बळकट ग्रंथ होता. मादाम लाव्हाझिए यांनी त्याचा फ्रेंच अनुवाद केला. प्रत्येक प्रकरणाला लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खंडनपर टिपणे जोडली. स्वतः अनुवादिकेनेही काही टिपा घातल्या. १७८८मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर मूळ लेखकाचे नाव होते, टिपणे लिहिणाऱ्या पुरुषांची नावे होती. अनुवाद करणाऱ्या स्त्रीचे नाव नव्हते. पुढे १७९१मध्ये किर्वन यांनी स्वतःच फ्लॉजिस्टनचा पक्ष सोडला. विरोधकाचे म्हणणे पूर्ण मांडून मग त्याचे खंडन करायचे, ही वादाची उत्तम रीत होय. ते म्हणणे फ्रेंच वाचकांपुढे आले ते या अनामिक अनुवादामुळे.

१७८९मध्ये लाव्हाझिए यांचा रसायनशास्त्राचा प्रसिद्ध मूलग्रंथ बाहेर पडला. त्यातील उपकरणांची तेरा चित्रफलके मादाम लाव्हाझिए यांनी तयार केली आणि त्यांवर आपली सहीही कोरली. ही चित्रे शोभेसाठी नव्हती. लाव्हाझिए यांचा सारा युक्तिवाद अचूक मोजमापावर उभा होता, आणि ते मोजमाप ज्या उपकरणांनी झाले, ती दुसऱ्या देशातील संशोधकाला जशीच्या तशी बांधता आली, तरच प्रयोगाची खातरजमा होणार होती. मापानुसार काढलेले चित्र हा तेथे पुराव्याचाच भाग होता. प्रयोगशाळेच्या नोंदवह्यांतही कित्येक पाने त्यांच्या अक्षरात आहेत.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही प्रयोगशाळा ज्या पैशावर चालत होती, तो कोठून येत होता? लाव्हाझिए आणि त्यांचे सासरे हे दोघेही राजाकडून करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या मंडळीचे भागीदार होते. मीठ, तंबाखू यांवरील कर ही मंडळी वसूल करी. मिठावरील कर म्हणजे काय, हे १९३०च्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या देशाला माहीत आहे. फ्रान्समधील गरीब शेतकरी त्या कराखाली भरडला जात होता. मादाम लाव्हाझिए यांना विद्येसाठी मिळालेली सवड हीही त्या व्यवस्थेचीच देणगी होती. राज्यक्रांतीने त्याचा हिशेब कठोरपणे मागितला. ८ मे १७९४ रोजी करमक्त्याच्या २८ भागीदारांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. वडील आणि पती दोघेही एकाच दिवशी गिलोटिनखाली गेले. मादाम लाव्हाझिए यांनाही तुरुंगवास घडला, मालमत्ता जप्त झाली. अन्यायी कराबद्दलचा लोकांचा संताप रास्त होता. पण घाईघाईच्या खटल्याने न्याय झाला असे म्हणता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि प्रामाणिक माणसाला त्या दोन्ही सांगाव्या लागतात.

सुटकेनंतर त्यांनी जप्त झालेले ग्रंथ आणि कागदपत्रे परत मिळवली. पतीचे अपुरे राहिलेले निबंधसंग्रह छापून घेतले आणि ते विकले नाहीत, वैज्ञानिकांना वाटले. पुढे काउंट रम्फर्ड या वैज्ञानिकाशी त्यांनी पुनर्विवाह केला, तो टिकला नाही; पण त्या विवाहातही त्यांनी लाव्हाझिए हे नाव सोडले नाही. १८३६ साली त्या वारल्या. एका माणसाचे नाव जगात राहावे म्हणून त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे खर्च केली. स्वतःच्या नावासाठी मात्र तेरा चित्रफलकांच्या कोपऱ्यांपलीकडे त्यांनी काही मागितले नाही.

अनुवादाचे हेच काम पॅरिसपासून दूर, दिजाँ या शहरात क्लोदीन पिकार्दे करीत होत्या. ऑक्सिजन आणि क्लोरीन शोधणारे शील हे स्वीडनमधील एका लहान गावातले औषधविक्रेते. त्यांचे लेखन स्वीडिश व जर्मन भाषांत होते, आणि विद्वानांच्या व्यवहाराची भाषा फ्रेंच होती. शील यांचे निबंध पिकार्देबाईंनी दोन खंडांत फ्रेंचमध्ये आणले. ते १७८५मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १७९०मध्ये वेर्नर यांचा खनिजांच्या लक्षणांवरील जर्मन ग्रंथही त्यांनी अनुवादित केला. पारिभाषिक संज्ञा अजून ठरायच्या असताना शास्त्रीय ग्रंथाचा अनुवाद करणे म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे नव्हे. वस्तू समजल्याशिवाय तिला नाव देता येत नाही. त्यासाठी पिकार्देबाई दिजाँच्या अकादमीच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष प्रयोगांतही भाग घेत. मराठीत शास्त्रीय परिभाषा घडवण्यासाठी ज्यांनी झीज सोसली, त्यांना हे कष्ट परके वाटणार नाहीत. छापलेल्या अनुवादांत अनुवादिकेची ओळख काय होती? ‘दिजाँच्या मादाम प’, एवढीच. नावाचे एकच अक्षर.

येथपर्यंतच्या दोघींचे कार्य दुसऱ्याच्या संशोधनाभोवती गुंफलेले होते. ज्यांनी स्वतंत्र सिद्धान्त मांडला, अशा स्त्रीचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. लाव्हाझिए ज्या वर्षी वधस्तंभाकडे गेले, त्याच १७९४ साली लंडनमध्ये एलिझाबेथ फुलहेम यांचा ज्वलनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी स्वतःच छापून घेतला होता. त्यांच्या संशोधनाची सुरुवात चौदा वर्षांपूर्वी, १७८०मध्ये, अगदी व्यवहारातील एका कल्पनेतून झाली होती : रासायनिक क्रियेने कापडावर सोन्याचांदीचा मुलामा चढवता येईल का? पतीला आणि मित्रमंडळींना ही कल्पना अशक्य वाटली. बाईंनी प्रयोग सोडले नाहीत.

सुवर्णक्षाराच्या द्रावणात भिजवून वाळवलेले रेशीम त्यांनी हायड्रोजन वायूत धरले. काही घडले नाही. तेच कापड पाण्याने ओलसर करून धरले, तेव्हा त्यावर सोने चमकू लागले. असे अनेक धातू, अनेक वायू घेऊन, शिवाय प्रकाशाचा परिणाम तपासून, त्या एका निष्कर्षाला आल्या की, या क्रियांत पाण्याला निर्णायक स्थान आहे. पाणी क्रियेत भाग घेते आणि क्रियेच्या शेवटी पुन्हा तयार होते. त्यांच्या स्पष्टीकरणातील सगळा तपशील पुढे टिकला नाही. परंतु एखादा पदार्थ क्रिया घडवून आणतो आणि स्वतः मात्र शेवटी शिल्लक राहतो, ही कल्पना रसायनशास्त्राला पुढे फार मोलाची ठरली. बर्झेलियस यांनी अशा उत्प्रेरणाला शास्त्रीय नाव दिले, ते फुलहेमबाईंच्या ग्रंथानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. आणि १८८०मध्ये डिक्सन या इंग्रज रसायनज्ञाने दाखवले की, पूर्ण कोरडा कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांच्या मिश्रणात ठिणगी टाकूनही स्फोट होत नाही. त्याला किंचित ओलावा लागतो.

फ्लॉजिस्टनवादी चुकतात हे तर फुलहेमबाईंनी सांगितलेच, पण लाव्हाझिए यांचे विवेचनही अपुरे आहे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. थोरांविषयी आदर ठेवूनही त्यांच्या अधिकाराला शरण जायचे नाही, ही वृत्ती विज्ञानाचा प्राण आहे. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. आपले काम दुसरा कोणी आपल्या नावावर खपवील या भीतीने आपण ते छापत आहोत, ही पहिली. स्त्रीने विद्येच्या प्रांतात पाऊल टाकलेले ज्यांना सोसत नाही त्यांचा परखड समाचार, ही दुसरी. प्रीस्टली यांनी त्यांना प्रोत्साहन दिले, रम्फर्ड यांनी त्यांचे प्रयोग करून पाहिले, जर्मन भाषेत १७९८मध्ये अनुवाद झाला, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रसायन सभेने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले आणि तेथे १८१०मध्ये ग्रंथाची आवृत्तीही निघाली. इतके होऊनही त्या कोठे जन्मल्या, केव्हा वारल्या, याची साधी नोंद इतिहासाने जपली नाही.

चौथे नाव जेन मार्सेट यांचे. रम्फर्ड यांच्याच पुढाकाराने १७९९मध्ये लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना झाली. तेथे हंफ्री डेव्ही यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने होत आणि त्यांना स्त्रियांनाही प्रवेश असे. मार्सेटबाई ती व्याख्याने ऐकायला जात. त्यांच्या लक्षात आले की, आधी कोणाशी तरी बोलून विषय समजावून घेतला तर व्याख्यान नीट कळते. आणि स्त्रियांना तर विज्ञानाची पूर्वतयारी कोणी करून देतच नाही. म्हणून त्यांनी रसायनशास्त्रावरील संवादांचे पुस्तक लिहिले. त्यात एक शिक्षिका आणि एमिली व कॅरोलाइन या दोन मुली आहेत. मुली प्रश्न विचारतात, शंका काढतात, प्रयोग करतात. पुस्तक १८०६मध्ये बाजारात आले आणि पुढील अर्धशतकात इंग्लंडमध्ये त्याच्या सोळा आवृत्त्या निघाल्या. पहिली पंचवीसहून अधिक वर्षे मात्र त्यावर लेखिकेचे नाव नव्हते. अमेरिकेत तर ते परवानगीवाचून छापले गेले आणि संपादक म्हणून पुरुषांनी त्यावर आपली नावे घातली.

आता या पुस्तकाचा एक वाचक पाहावा. लंडनमधील एका लोहाराचा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. बांधणीसाठी येणारी पुस्तके तो वाचत असे. त्यात मार्सेटबाईंचे पुस्तक त्याच्या हाती आले. तुटपुंज्या पैशांत जमतील तेवढे प्रयोग करून त्याने त्यातील विधाने पडताळून पाहिली, ती खरी ठरली आणि त्याचा विश्वास बसला. हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरेडे. पुढे जगद्विख्यात झाल्यावरही आपले निबंध ते मार्सेटबाईंना पाठवत आणि त्यांना आपली पहिली शिक्षिका मानत.

विद्यापीठाचे दार स्त्रीला बंद होते, तसे लोहाराच्या मुलालाही ते बंदच होते. एकीने आपल्यासारख्या इतर स्त्रियांसाठी भिंतीत एक लहानशी खिडकी पाडली, आणि त्या खिडकीतून एक कामगार आत आला. वंचितांपैकी एका गटासाठी केलेले काम केवळ त्याच गटाचे राहत नाही, याला याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. स्त्रियांचा प्रश्न नंतर पाहू, आधी वर्गाचा प्रश्न सोडवू, असे म्हणणाऱ्यांनी फॅरेडे यांच्या हातातील ते पुस्तक लक्षात ठेवावे.

खिडकी झाली तरी दार उघडायला फार काळ जावा लागला. १९११मध्ये मारी क्यूरी यांना फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने सदस्यत्व नाकारले. त्याच वर्षी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते त्यांचे दुसरे नोबेल होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने पहिल्या दोन स्त्रिया सदस्य म्हणून घेतल्या त्या १९४५मध्ये. आणि हे केवळ युरोपात घडले असेही नाही. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनीने माघार घेतली नाही. अखेर प्रवेश मिळाला तो एक वर्ष चाचणी म्हणून, आणि तोही अपमानकारक अटींवर. वर्षभरात त्यांच्या कामाने अटी निरर्थक ठरवल्या आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठी उघडले. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या कमला सोहोनी या नावाने जीवरसायनाच्या क्षेत्रात मान्यता पावल्या. अन्याय करणारा माणूस क्षुद्र नव्हता, थोर वैज्ञानिक होता, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. बुद्धीची थोरवी माणसाला रूढीतून आपोआप सोडवत नाही.

काही जण म्हणतील, अनुवादिकेला वैज्ञानिक म्हणणे ही अतिशयोक्ती आहे. अतिशयोक्तीची गरजही नाही. ऑक्सिजनचा सिद्धान्त लाव्हाझिएंचा आहे आणि तो त्यांचाच राहील. जुने पुतळे पाडून तेथे नवे बसवल्याने इतिहास शुद्ध होत नाही. मागणी साधी आहे : ज्याने जे काम केले, ते त्याच्या नावावर लिहावे. अनुवाद हे अनुवाद म्हणून, चित्र हे चित्र म्हणून, सिद्धान्त हा सिद्धान्त म्हणून. ‘मदत’ हा शब्द हिशेबाच्या वहीतून काढून टाकावा, कारण त्या शब्दाखाली मांडलेल्या श्रमाला ना मोबदला मिळतो ना नाव.

हा हिशेब दोनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसपुरता मानला, तर त्यातून काहीच शिकल्यासारखे होणार नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या संघटनांतही सभेची इतिवृत्ते कोण लिहिते, शिबिराचा स्वयंपाक कोण रांधते, वर्गणीच्या पावत्या घेऊन दारोदार कोण जाते, आणि ठरावाखाली व व्यासपीठावर नावे कोणाची असतात, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या तालुक्यात तपासून पाहावे. मादाम लाव्हाझिए यांना चित्रकला येत होती, म्हणून त्या खोलीतील त्यांचे टेबल आज दिसते. ज्यांना स्वतःचे चित्र काढता आले नाही, त्यांची नोंद ठेवणे हे चळवळीचे काम आहे, आणि पुढच्या सभेच्या इतिवृत्तापासून ते सुरू करता येईल.